पाचशे फ्रँकची फिल्म

हरमटान सुटला की नियामेत आमचा धंदा तेजीत येतो
आणि त्याच वाऱ्यात तो करणं सगळ्यात अवघड.
सहारा पिठासारखा दळून येतो,
दाताखाली कचकचतो, चहाच्या तिसऱ्या पेल्यावर साय धरतो,
आणि फिल्मखाली शिरायला त्याला
केसाएवढी फट पुरते.

म्हणून मी न्हाणीघरात बसतो.
खरंच. दुकानामागे बूबेची भाड्याची खोली आहे.
कढत पाण्याची बादली फरशीवर ओतायची, दार लावायचं.
वाफ धुळीचा हात धरून तिला खाली बसवते.
मग दहा मिनिटं हवा शहाण्यासारखी वागते.
दहाच.

हमसातू आली दुपारच्या नमाजानंतर.
हातात रुमाल, रुमालात खेळायचा डबा,
तळहातावर मावणारा, दोन पडद्यांचा, बिजागरीला दोरा गुंडाळलेला.
एका बटणाच्या जागी घासून बसवलेला चिंचोका.
"खालच्या पडद्याला फिल्म. चांगली. पाचशेवाली."

मी तिरका धरून पाहिला.
पडदा कसला,
मदरशातली लाकडी पाटी, हजारदा लिहून धुतलेली.
उजव्या कोपऱ्यात तर ओरखड्यांचं रान,
सगळे एकाच दिशेला झुकलेले.

"कांडी हरवली तेव्हापासून नखानंच खेळायचा," ती म्हणाली.
"इद्रिसा. माझा थोरला."

"आता मोठा झाला असेल," मी म्हणालो.
बोलणं म्हणून बोललो.
ती रुमालाची घडी घालत राहिली,
घडीची घडी, तिचीही घडी.

"आता सुमाना मागतोय. धाकटा. देणार आहे त्याला.
पण या रेघांवर दुसऱ्या रेघा नकोत."

बादली ओतली. दार लावलं.
स्पिरिटचा बोळा घेतला आणि हात अडला.
काचेवर बोटांचे तेलकट ठसे होते.
धाकट्याचे असतील, मी स्वतःला सांगितलं, आणि पुसले.

आता, या फिल्मचं एक आहे.
तिच्या पोटाला चिकट असतो, मऊ,
तो प्रत्येक खोबणीत उतरतो, ती भरून काढतो.
ओरखडे दिसेनासे होतात.
गिऱ्हाइकाला मी हे फुशारकीनं सांगतो:
बघा, जुना पडदा, नवाकोरा!
आज सांगितलं नव्हतं.

पाण्यात शाम्पूचा एक थेंब. फवारा.
फिल्म टेकवली, संपलेल्या रिचार्ज कार्डानं
मधून कडेकडे पाणी हाकललं.
एक बुडबुडा हातावर तुरी देऊन पळत होता, त्यालाही गाठला.
आणि उजवा कोपरा
हळूहळू
गुळगुळीत झाला.

मी खूप चांगलं काम केलं होतं.

वाफ विरत होती. कोपरा नखानं उचलला:
रान परत आलं.
टेकवला: गेलं.
उचलला.
बाहेर बूबे दुसरा पेला ओतत होता, आवाज आला.

दार उघडून मी तिला दोन्ही दाखवलं,
असलेलं आणि नसलेलं.
तिनं चहा खाली ठेवला. बराच वेळ काही नाही.
एक फाबा-फाबा हॉर्न वाजवत गेली,
तिच्या मागोमाग लाल धूळ आत आली, माझ्या ओल्या हातांवर बसली.

"तेवढा कोपरा काप," ती म्हणाली.

"उघडा राहील. सुमानाचं नख लागेल तिथे."

"लागू दे."

"आणि कडेनं धूळ शिरेल. चार दिवसांत."

"अरे, काप ना."

नखं कापायच्या कात्रीनं कापला. वेडावाकडा.
इतकं भिकार काम मी अकरा वर्षांत केलं नव्हतं.
तीनशेच द्या म्हणालो,
तिनं पाचशेची नोट ठेवली,
डबा रुमालात बांधला आणि चहा अर्धा टाकून गेली.

कापलेला त्रिकोण माझ्या अंगठ्याला चिकटला होता.
झटकला, निघाला नाही.
संध्याकाळपर्यंत आणखी तीन फोन लावले,
तो तसाच.